कोणता गुण्या घ्यावा? घरच्या सुतारकामासाठी पारख आणि निगा

एकच गुण्या (काटकोन आखायचे आणि तपासायचे हत्यार) घ्यायचा असेल तर १५० मिमी पात्याचा, अख्खा पोलादी इंजिनिअर्स स्क्वेअर घ्या. शिसवी दांड्याचा, पितळी पट्टीचा ट्राय स्क्वेअर दिसायला देखणा, पण पहिली खरेदी म्हणून नको. लाकडी दांडा हवेप्रमाणे फुगतो-आकसतो. पितळी पट्टी असते फक्त आतल्या अंगाला, तेवढीच बाजू भरवशाची. दांड्याची बाहेरची कड टेकवून कपाटाचा आतला कोपरा तपासला तर तो निकाल धरू नये. पोलादी गुण्या आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून चालतो. त्याच्या आतल्या कोपऱ्यात छोटी खाच आहे ना, तेवढे पाहून घ्या. भुसा किंवा धारेवरची बारीक कोर (वर उठलेला खरखरीत काठ) त्या खाचेत मावते. खाच नसेल तर एवढ्याशा कणानेही गुण्या नीट टेकत नाही.

अचूकतेच्या दर्जासाठी फार जीव टाकू नका. डीआयएन ८७५ या जर्मन मानकातला सर्वांत सैल दर्जा २ सुद्धा १५० मिमी पात्याला ०.०३५ मिमीचीच सूट देतो. रंध्याचे नेहमीचे सालपट याहून जाड निघते. तरी डब्यावरच्या छापावर विसंबू नये. महाग गुण्याही वाकडा निघतो आणि स्वस्तातलाही कधी गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात, असतो.

चाचणी सोपी आहे, पण फळीची कड सरळ हवी. कडेत पोट किंवा खळगा असेल तर चांगला गुण्या नाहक बाद होईल. दांडा कडेला घट्ट दाबा आणि पात्यालगत चाकूने रेघ ओढा. पेन्सिलीची रेघ जाड, तिच्यात चूक लपते. मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ ओढा. रेघा फाकल्या तर टोकाला दिसणारे अंतर खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. १५० मिमीवर अर्धा मिमी फट म्हणजे चूक पाव मिमी, आणि ६०० मिमीच्या फळीवर तीच १ मिमी होते. असा गुण्या परत करा. पात्याच्या दोन्ही कडा अशाच तपासायच्या. दांड्याची बाहेरची बाजू मात्र या चाचणीत येत नाही. ती आधी पारखलेल्या दुसऱ्या गुण्याच्या कुशीत बसवून, मागून उजेड धरून पाहावी लागते.

कॉम्बिनेशन स्क्वेअर ही दुसरी खरेदी. अमेरिकी संशोधक लॅरॉय स्टारेट यांनी १८७९ मध्ये त्याचे पेटंट घेतले; सरकत्या पात्यामुळे तो खोली मोजायला, ४५ अंशाला आणि कडेला समांतर रेघ मारायला कामी येतो. हातात घेताच नट आवळून पाते हलवून पाहा. हलले तर नको. त्यातली पाण्याची बाटली (सपाटी दाखवणारी बुडबुड्याची नळी) मात्र निव्वळ शोभेची. वापरता वापरता चुकू लागला तर लगेच मोडीत काढू नये. बहुतेक वेळा खोबणीत भुसा साचलेला असतो, किंवा नटच्या आकड्यावर कोर आलेली असते. पाते काढून खोबण ब्रशने झाडा. तरीही वाकडा राहिला तर पाते ज्या दोन बैठकांवर टेकते तिथे बारीक कानस चालते: टोक नटच्या बाजूला झुकत असेल तर मागची बैठक घासा, उलट झुकत असेल तर टोकाजवळची. दोन-तीन हलके हात, मग पुन्हा चाचणी. जास्त घासलेले परत येत नाही.

त्रिकोणी स्पीड स्क्वेअर गोल करवतीला आधार म्हणून उत्तम, बारीक सांध्यांना नको. मोठा एल-आकाराचा फ्रेमिंग स्क्वेअर चुकला तर सेंटर पंचने (टोकदार पोलादी ठोकणीने) सुधारता येतो: कोन लहान असेल तर आतल्या कोपऱ्याजवळ ठोका, मोठा असेल तर बाहेरच्या कोपऱ्याजवळ. पण कपाटाचा सांगाडा जोडताना कोणत्याच गुण्यावर जाऊ नका, दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे भरले की काम गुण्यात.

निगा फार नाही. काम संपल्यावर भुसा झाडून शिलाई मशीनच्या तेलाचा फडका फिरवा. भुसा ओल धरतो, त्यामुळे भुशात पडलेला गुण्या लवकर गंजतो. तेल जास्त झाले तर ते लाकडावर उतरते आणि तिथे पॉलिश धरत नाही, म्हणून वापरण्याआधी कोरडा पुसा. गंज आलाच तर बारीक इमरी पेपर फक्त पात्याच्या सपाट अंगावर, कडांना नाही. फेव्हिकॉलचा थेंब दांड्यावर सुकला तर तो खरवडून काढल्याशिवाय गुण्या टेकूच नये. आणि गुण्या जमिनीवर पडला की पुढची खूण करण्याआधी दोन रेघांची चाचणी परत.