तीन रायफली, एक काडतूस : सिएरा मॅचकिंग १६८ ग्रेन

घरात .३०८ विंचेस्टर या एकाच मापाचे काडतूस घेणाऱ्या दोन-तीन रायफली असल्या आणि काडतुसे हाताने भरण्याचा छंद असला, की प्रत्येकीसाठी वेगळे माप, वेगळा डबा आणि वेगळी चिठ्ठी सांभाळण्याचा कंटाळा येतो. शिवाय एकीचे काडतूस चुकून दुसरीत जाण्याची धास्ती राहते ती निराळीच. अमेरिकेत हा छंद चांगला रुळलेला आहे. (भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याविना काडतुसे बनवता येत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.) आमच्याकडे रेमिंग्टन ७००, सॅव्हेज (या दोन्ही प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट ओढायच्या) आणि अर्धस्वयंचलित एम१ए अशा तीन रायफली आहेत. तिघींना मानवेल असे एकच काडतूस बसवायचे असेल, तर माझी पसंती सिएरा कंपनीच्या १६८ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) मॅचकिंग गोळीला आहे.

मुळात ३०० मीटरच्या स्पर्धांसाठी घडवलेली ही गोळी आजच्या लांबट, निमुळत्या गोळ्यांपुढे जुनाट दिसते, पण या कामात तिचा तो जुनाटपणाच उपयोगी पडतो. तिच्या नाकाचा बाक सौम्य असल्यामुळे गोळी आणि नळीतले आटे यांच्यामधले अंतर रायफलीगणिक बदलले तरी ती फारशी कुरकुर करत नाही. नव्या घडणीच्या बऱ्याच गोळ्यांना हे अंतर प्रत्येक नळीत जुळवून द्यावे लागते. इथे एम१एच्या मॅगझिनमध्ये मावेल अशी, म्हणजे साधारण ७१ मिलिमीटरची एकूण लांबी ठरवली की तीच तिघींना चालते. आट्यांचा एक फेरा १० इंचांत पूर्ण होवो की १२ इंचांत, तिला दोन्ही चालतात.

खरी मेहनत गोळीपेक्षा पितळी केसवर, म्हणजे काडतुसाच्या नळकांड्यावर घ्यावी लागते. तीन चेंबरमधून (नळीत काडतूस बसते ती जागा) उडालेल्या केस मोजपट्टीला गेज लावून खांद्यापाशी, म्हणजे केस मानेकडे निमुळती होते तिथे, मोजल्या, तर सहसा तीन वेगळे आकडे येतात. ज्या चेंबरचा आकडा सर्वांत लहान, त्याच्यापेक्षा इंचाचे दोन-तीन सहस्रांश खाली खांदा बसेल अशी फुल-लेंथ डाय (पूर्ण केस दाबून आकारात आणणारा साचा) लावावी. नुसती मान आवळून भागवण्याचा विचार इथे सोडूनच द्यावा. एम१एची फायरिंग पिन मोकळी हलत असल्याने तिच्यासाठी कठीण पत्र्याचे, सीसीआय क्र. ३४ सारखे प्रायमर (केसच्या बुडातली दारू पेटवणारी टोपी) वापरणे शहाणपणाचे, आणि काडतूस एकच असल्यामुळे ओघानेच तेच प्रायमर बाकीच्या दोघींनाही लागतात.

बंदुकीच्या दारूचे माप मी मुद्दाम देत नाही. भरणीच्या छापील पुस्तकातील किमान मापापासून सुरुवात करून, चढते प्रत्येक माप तिन्ही रायफलींत तपासावे आणि बोल्ट जड उठणे किंवा प्रायमर चपटा होणे ही लक्षणे जिच्यात आधी दिसतील, तिच्याच मर्यादेच्या बरेच खाली थांबावे. वार्गेट किंवा आयएमआर ४८९५ सारखी मध्यम वेगाने जळणारी दारू एम१एच्या गॅस यंत्रणेलाही मानवते. शंभर यार्डांवर आमच्या दोन्ही बोल्ट रायफली इंचाच्या आतबाहेर गट (पाठोपाठच्या गोळ्यांच्या छिद्रांचा पसारा) देतात. एम१ए दीड इंचावर समाधान मानते. काडतूस एक झाले तरी नळ्यांची लांबी वेगळी असल्याने वेग वेगळा पडतो, त्यामुळे दुर्बिणीचा झीरो (नेम जुळवलेली मांडणी) आणि उंचीचा तक्ता प्रत्येकीचा स्वतंत्रच ठेवावा लागतो.

गोळीची मर्यादाही स्पष्ट आहे. तिच्या शेपटीचा उतार १३ अंशांचा, म्हणजे बराच तीव्र आहे, आणि लांबवर वेग ध्वनीच्या वेगाजवळ उतरू लागला की ती डळमळते. हजार यार्डांचा नेम ज्यांना धरायचा आहे त्यांनी त्याच मालिकेतली १७५ ग्रेनची गोळी घ्यावी. शिकारीसाठी ही गोळी नाहीच. सहाशे यार्डांच्या आत कागदावर नेम धरणाऱ्यांनी मात्र शंभराच्या खोक्यांऐवजी एकाच लॉटचे पाचशेचे खोके घ्यावे. ज्यांच्याकडे एकच बोल्ट रायफल आहे, त्यांना हा सगळा खटाटोप करायची गरज नाही. त्यांनी आपल्या नळीला जे मानवते तेच भरावे.