सहा वर्षं चाललेला ट्रक: १४ महिन्यांच्या वापरानंतर

नवा घ्यावा की वापरलेला, या घोळात माझे तीन महिने गेले. नव्याचं कर्जही मंजूर झालं होतं. शेवटी २०१८ सालचा, एकाच मालकाच्या हातचा सहाचाकी ट्रक घेतला.

नव्यापासून मी मागे फिरलो ते हप्त्यामुळे. गाडी उभी असली तरी हप्ता थांबत नाही, आणि माझं काम वर्षातले चार महिने मंदच असतं. शिवाय गाडीची किंमत सगळ्यात जोरात पडते ती पहिल्या दोन-तीन वर्षांत. ती पड आधीच्या मालकानं सोसली होती.

त्याआधी पाहिलेली एक गाडी मात्र घेता घेता राहिली. चेसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, ताजा काळा रंग मारलेला होता. खाली वाकून हात फिरवला तर मागचा कमानपाटा चेसीला जिथे टांगलेला असतो त्या हँगरजवळ जाडसर रेघ बोटांना लागली. किल्लीनं खरवडलं, तर खाली वेल्डिंग. चेसी तिथे चिरलेली होती आणि विकणाऱ्यानं त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. मला फार राग आला. इंजिन उतरवून बांधता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, पण चिरलेल्या चेसीवर माल लादून मी घाट चढणार नाही.

या गाडीच्या मालकाला आधीच सांगून ठेवलं होतं, मी येईपर्यंत सेल्फ मारू नका. इंजिनाला हात लावून पाहिला, थंडगार होतं. पहिल्याच सेल्फला सुरू झालं, पांढुरका धूर आला आणि मिनिटभरात विरला. निळा धूर टिकला असता तर ऑइल जळतंय असं समजून तिथूनच परतलो असतो. मग चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढून तोंडावरच उलटं ठेवलं. नुसतं थरथरत राहिलं. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असत्या तर आतल्या दाबानं उडालं असतं.

स्टेपनीची नक्षी नवीकोरी होती, पण बाजूवर आकडा ३११८, म्हणजे २०१८ च्या ३१व्या आठवड्यातलं टायर. जवळून पाहिलं तर रबराला बारीक भेगा. त्या टायरचे पैसे किमतीतून कमी करून घेतले.

तिसऱ्या महिन्यात क्लच प्लेट गेली, चार दिवस गाडी उभी. नंतर किंगपिनचे, म्हणजे पुढची चाकं ज्या खिळीवर वळतात तिचे, बुश बदलले. इंजिनाची तक्रार नाही, दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल वर घालावं लागलेलं नाही. सीट मात्र कडक आहे. नवी गाडी चालवून पाहिली होती, तिची हवेवरची सीट अजून आठवते.

चार दिवस गाडी उभी राहिली की ज्याचं कंत्राटच जाईल, त्यानं नवाच घ्यावा, वॉरंटीसकट. माझं तसं नाही. मला चार दिवस परवडले.

नव्याचा जेवढा हप्ता बसला असता, त्याचा निम्मा दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकतो. क्लच त्यातूनच झाला. पुढच्या महिन्यात मागचे चारही टायर त्यातूनच घालणार आहे.