प्लगला लावायचा वॉटमीटर: दुसरीच्या वर्गात वापरल्यानंतर

सात वर्षांच्या मुलाला ‘वीज वाचवा’ सांगितलं की ते मान डोलावतं आणि विसरून जातं, कारण वीज त्याने कधी पाहिलेलीच नसते. हा मीटर ती आकड्यात दाखवतो. मी नागपुरात दुसरीला शिकवते. या विषयासाठी आजवर वर्गात जे जे साहित्य आणलं, त्यात मला सगळ्यांत उपयोगी पडलेली वस्तू हीच.

रचना साधी आहे. मीटर बोर्डाच्या प्लगमध्ये खोचायचा आणि उपकरणाची पिन मीटरमध्ये. पडद्यावर त्या क्षणी किती वॉट वीज जाते ते दिसतं, बटण दाबलं की व्होल्ट, अँपिअर आणि जमा झालेली युनिटं दिसतात. मला सीताबर्डीच्या एका दुकानात हजाराच्या आत मिळाला. कंपनीचं नाव लिहीत नाही, याच धाटणीचे मीटर वेगवेगळ्या नावांनी विकले जातात. दुकानदारदादांनी काउंटरवरच २५ वॉटची सोल्डरिंग लावून दाखवली, २४ आकडा आला, तेवढी खात्री मला पुरेशी होती.

वर्गात पहिल्यांदा लावले ते दोन दिवे: एक ६० वॉटचा जुना तारेचा बल्ब, एक ९ वॉटचा एलईडी. उजेड जवळपास सारखा. मुलांनी आकडे मोठ्याने वाचले, आणि मग मी त्यांना दोन्हींच्या जवळ, न लावता, तळहात धरायला सांगितला. जुन्या बल्बची धग लगेच जाणवते. बाकीची वीज कुठे गेली हे मला सांगावं लागलं नाही, “मॅडम, हा तर गरम करण्यातच खाऊन राहिला!” असं मागच्या बाकावरून आलं.

इस्त्रीने सगळ्यांत जास्त मजा आणली. आकडा एकदम हजारापाशी गेला, वर्ग ओरडला. थोड्या वेळाने इस्त्रीत टक् झालं आणि आकडा शून्य. “लाईन गेली!” म्हणाले सगळे, पण पंखा तर फिरतच होता. इस्त्री पुरेशी तापली की आपली आपणच वीज तोडते आणि निवली की पुन्हा घेते, हे त्यांनी त्या आकड्याच्या उड्यांवरून ओळखलं. माझ्या तोंडी वर्णनातून हे कधीच पोचलं नसतं.

घरून आणलेला सेट-टॉप बॉक्स चालू असताना ९ वॉट दाखवत होता. रिमोटने बंद केला, तरी ८. रोज चोवीस तास असाच राहिला तर महिन्याला साडेपाच-सहा युनिटं होतात. मुलांना हा आकडा अन्यायच वाटला. मागचं बटण बंद करायचं काम त्या आठवड्यात बऱ्याच घरी मुलांनीच अंगावर घेतलं, असं पालक सांगतात. उलट नुसता खोचलेला मोबाइल चार्जर मीटरवर ०.० दाखवतो. इतकी कमी वीज हा मीटर पकडू शकत नाही, पण तो आकडा मोठा नाहीच, हेही खरं आहे. चार्जरवरून मुलांना रागावण्यात आपण मोठी माणसं फार वेळ घालवतो.

माझं म्हणणं इथेच आहे. मुलांना आपण ‘दिवा बंद कर’ एवढंच शिकवतो. गिझर साधारण २००० वॉटचा असतो. तो पंधरा मिनिटं चालला की अर्धं युनिट जातं, तेवढ्यात ९ वॉटचा दिवा पंचावन्न तास जळतो. मुलाने दिवा बंद करावाच, पण आंघोळीच्या आधी गिझर तासभर चालू ठेवणाऱ्या घरात त्या दिव्याचा हिशेब किती लहान आहे, हे त्याला कळायला हवं. आम्ही चौकटीच्या कागदाच्या पट्ट्या कापल्या, दहा वॉटला एक चौकट. एलईडीची पट्टी बोटाच्या टोकावर मावली. गिझरची, त्याच्यावर छापलेला आकडा घरून लिहून आणून बनवलेली, दोनशे चौकटींची पट्टी टेबलावरून खाली लोंबत राहिली.

उन्हाळ्याच्या तोंडावर कूलर लावून पाहिला. कार्यालयातला मोठा कूलर नव्या ताट्या (पाणी धरणाऱ्या बाजूच्या जाळ्या) बसवल्यावर पंपासकट २०० वॉटच्या आसपास आला, पंप बंद केला की तीसेक वॉट उतरले. दीड टनाचा एसी चालताना साधारण दीड हजार वॉट घेतो, तो या मीटरला लावायचा नाही, फक्त आकडा सांगायचा. ओल्या मनगटावर फुंकर मारायला लावली की कूलर थंड कसा करतो ते कळतं, आणि पाऊस पडल्यावर तोच कूलर चिकचिक का करतो तेही.

मीटरची एक अडचण शिकवण्याच्या बाजूने आहे. मोठा आकडा म्हणजे जास्त खर्च, असं मुलं धरून बसतात. पण रात्री आठ तास चाललेला कूलर दीड युनिटाच्या वर जातो आणि अर्धा तास केलेली इस्त्री अर्ध्या युनिटाच्या आतच राहते. वॉट म्हणजे नळाची धार आणि युनिट म्हणजे भरलेली बादली, असं सांगितल्यावर बहुतेकांना जमलं. एका युनिटासाठी आमच्या नागपूरजवळच्या कोराडीच्या वीजकेंद्रात साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. तेवढे बटाटे पिशवीत घालून प्रत्येकाच्या हातात दिले. कोराडीच्या देवीला जाताना दिसणाऱ्या उंच धुराड्या सगळ्यांनी पाहिलेल्या होत्या, पण आपल्या घरच्या कूलरशी त्यांचा संबंध कोणी जोडला नव्हता.

वस्तू म्हणून दोष आहेत. पडद्याला मागून उजेड नाही आणि आकडे बारीक, त्यामुळे तीन-तीनच्या गटानेच पाहता येतं. उपकरणाची पिन जिथे बसते ती जागा थोडी सैल आहे, म्हणून जड भार फार वेळ ठेवू नये, आणि मीटरवर जेवढे अँपिअर लिहिले असतील त्याच्या वर तर अजिबातच जाऊ नये. एक्स्टेंशन बोर्ड टेबलावर घेऊन मी लावते, मी काढते, मुलं फक्त वाचतात. २३० व्होल्टच्या बाबतीत हा नियम कुणासाठीही मोडायचा नाही.

छताचा पंखा मात्र याला लावता येत नाही. त्यासाठी घराबाहेरचा वीजमीटर वापरा, त्यात पैसे लागत नाहीत. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी छापलेलं असतं की किती लुकलुकींचं एक युनिट. आमच्याकडे ३२०० आहे. घरात बाकी सगळं बंद करून फक्त जुना ७५ वॉटचा पंखा ठेवला तर साधारण पंधरा सेकंदांनी एकदा लुकलुकतो, २८ वॉटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारा नव्या मोटरचा पंखा असेल तर चाळीस सेकंदांनी. पाच वर्षांचं मूलही हे मोजू शकतं, म्हणून बालवाडीच्या पालकांना मी वॉटमीटर घ्यायला सांगत नाही. तीन अंकी संख्या वाचता यायला लागली की घ्या, आणि घेताना दुकानातच एखादा बल्ब लावून आकडा पाहून घ्या.