रॉड बनवायचा लेथ : एक पावसाळा अन् एक उन्हाळा वापरून झाल्यावर

मरळ मासा धरायचे गरीचे रॉड घरीच बनवायचे म्हणून लेथ (काम पकडून गोल फिरवणारी मशीन) घेतला त्याला आता एक पावसाळा अन् एक उन्हाळा निघाला, अन् भंडाऱ्याकडचे गरीवाले भाऊ सारखे विचारतात कोणता घेऊ, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

मोटर किती एचपीची ते आधी विचारूच नका. मुठीचा कॉर्क घासायला ताकद लागतच नाही. पाहायचं ते स्पिंडलचं, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याचं भोक. सात फुटी ब्लँकचा (रॉडची नुसती काठी) बुड १२-१५ मिमीचा असू शकतो, तो चकमधून (काठी पकडणारा जबडा) आरपार गेला पाहिजे, अन् लाकडाच्या छोट्या लेथला भोक राहते ९-१० मिमीच, मग काम तिथंच अडते. वरून त्याचा कमीत कमी स्पीडच पाचशे-सातशे आरपीएम, त्यावर गाईडला (गरीची दोरी जाते त्या कड्या) धागा कसा गुंडाळणार? लोखंडाच्या मिनी लेथचं भोक २० मिमी असते, स्पीडही कमी होते, पण कॉर्कचा भुसा बेडवरच्या ऑइलात बसून चिखल होते, दरवेळी पुसत बसा. अन् मागून लटकलेला ब्लँक जोरात फिरला की चाबकासारखा हाणतो, रोलर स्टँड लावल्याशिवाय चालूच करू नका.

मी घेतला तो रॉडसाठीचाच, ॲल्युमिनियमचा लांब बेड, रबरी जबड्याचा चक, पायाचं पेडल. धाग्याच्या कामाला लय भारी आहे. पेडल हळूच दाबलं की चक इंचाइंचानं सरकते, धागा एकावर एक चढत नाही. तक्रार एकच, रोलरची चाकं कडक आहेत, धाग्यावरच्या ओल्या इपॉक्सीजवळ (कालवून लावायचा, सुकून कडक होणारा लेप) आली की डाग पडते, मी त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला, आता त्रास नाही.

कोणाला घरीच बनवायचा असेल तर शिलाई मशीनची मोटर अन् तिचंच पेडल घ्या. कूलरच्या मोटरला ते पेडल जोडू नका, काहून की ती ब्रशवाली नसते, नुसती गुणगुणते अन् तापते.

ग्रिपसाठी अर्धा इंची कॉर्कच्या रिंगा पाव इंची सळईवर चिकटवून शिकंज्यात रात्रभर ठेवतो, मग पॉलिश पेपर ८० नंबर, १५०, २२०, शेवटी ४००. ईव्हीएच्या (फोमच्या) ग्रिपवर पेपर दाबून धरू नका, गरम होऊन चकाकते अन् मग पकडीत घसरते. मास्क लावाच, तो भुसा छातीत जाते.

अन् सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इपॉक्सी सुकवायची मोटर वेगळीच ठेवा. गाईडवर इपॉक्सी लावल्यावर रॉड कित्येक तास हळूहळू फिरतच राहिला पाहिजे, मधेच लाईट गेली की सगळं खाली ओघळून थेंब जमते, अन् आपल्याकडं लाईटचा भरवसा काय ते सगळ्यांनाच माहीत. मी १२ व्होल्टची हळू फिरणारी गियर मोटर घेतली अन् फवारणी पंपाची बॅटरी जोडली, मस्त चालते. मे महिन्यात मात्र ४५ डिग्रीत इपॉक्सी वाटीतच घट्ट व्हायला लागते, म्हणून तेव्हा पहाटे अन् थोडी थोडीच कालवायची.

वर्षाला एखादाच रॉड बनवायचा असेल तर लेथ घेऊच नका, लाकडी स्टँडवर हातानं धागा गुंडाळा अन् ग्रिप तयार मागवा. मामा तलावावरच्या (आपल्याकडचे जुने मालगुजारी तलाव) मित्रांचेही रॉड बांधून द्यायचे असतील तर रॉडचाच लेथ घ्या, फक्त चकचं भोक आधी व्हर्नियरनं मोजून पाठवायला सांगा.