‘कलम’ फॉन्ट: पत्रिकेतल्या त्या एका ओळीसाठी

लग्नपत्रिकेच्या तळाला एक ओळ हमखास असते: ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ आणि खाली भाचरांची नावं. अप्पा बळवंत चौकाजवळ आमचं डीटीपीचं काम चालतं. लग्नसराईत ही ओळ रोज टाइप होते. वरचा मजकूर ठाशीव फॉन्टात शोभतो, पण तोच फॉन्ट या ओळीला लावला की तिचा लाडिकपणाच जातो. तिच्यासाठी मी हल्ली डोळे झाकून ‘कलम’ घेते.

अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा हा फॉन्ट लिपी रावल आणि जॉनी पिनहॉर्न यांनी केलाय. बोरूसारखा जाड-बारीकपणा यात नाही. बॉलपेनने किंवा स्केचपेनने भराभर लिहावं तशी रेघ, टोकं गोलसर आणि सगळी अक्षरं चांगलीच तिरकी. एवढी तिरकी असूनही जोडाक्षरं कुठे अडखळत नाहीत, हे मला सगळ्यात आवडतं. एकेका वजनात (म्हणजे अक्षराच्या जाडीच्या प्रकारात) १,०२५ अक्षराकृती आहेत, त्याचा फायदा इथे दिसतो. इंग्रजी अक्षरंही त्याच हाताची वाटतात, त्यामुळे ईमेलचा पत्ता मध्ये आला तरी ओळ विजोड दिसत नाही.

लाइट, रेग्युलर आणि बोल्ड अशी तीन वजनं आहेत. घरगुती फराळाच्या लेबलांना बोल्डच घ्या. सदाशिव पेठेतल्या एका काकूंच्या भाजणीचं लेबल खाकी कागदावर काढलं, तेव्हा लाइटचं प्रूफ हातभर अंतरावरूनही वाचता येईना. बोल्डमध्ये ‘थालीपीठ भाजणी’ असं उठून दिसलं, की काकूंनीच पिशवीवर मार्करने लिहिलंय असं वाटावं! घटक पदार्थ आणि मालाचं वजन मात्र साध्या, उभ्या फॉन्टातच ठेवा. बारीक आकारात तिरकी अक्षरं डोळ्यांना त्रास देतात.

ओळी मुळातच सैल बसतात. लेबलावर त्या जवळ घेताना वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला टेकत नाही ना, ते बघावं. यात वेगळा इटॅलिक नाही. तरी कुणी ते बटण दाबलं तर आधीच तिरकं अक्षर पार कलंडतं.

उणीव एकच. ‘मामाच्या’ मधले दोन्ही ‘मा’ हुबेहूब सारखे येतात, हाताने लिहिलेले कधी येत नाहीत. एका ओळीत ते खपून जातं, पानभर पत्रात लगेच उघडं पडतं. म्हणून लांब मजकुराला मी हा फॉन्ट लावत नाही. वर्षश्राद्धाच्या निमंत्रणाला तर मुळीच लावू नये.

गूगल फॉन्ट्सवर तो फुकट मिळतो आणि परवाना खुला असल्याने विकायच्या मालाच्या लेबलावरही बिनधास्त वापरता येतो. प्रेसला फाइल पाठवताना अक्षरं तेवढी कर्व्ह करून (म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकृतीत बदलून) द्या, कारण तिकडच्या मशीनवर हा फॉन्ट असेलच असं नाही.