नौपाड्यातील अभ्यासिका : नीटच्या तयारीसाठी कशी?

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असतानाच नीट ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा पुन्हा देणाऱ्या माझ्या मुलीसाठी आम्ही ठाण्यात नौपाड्यातील एका अभ्यासिकेत जागा घेतली. कॉलेज सुटल्यावर रात्री उशिरापर्यंत निवांत बसता येते, ही मोठी जमेची बाजू. ७२० पैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे असल्याने एनसीईआरटीच्या पुस्तकांची पारायणे करावीच लागतात, आणि पेन्सिलखुणांनी भरलेल्या, कोपरे दुमडलेल्या त्या प्रती येथे टेबलोटेबली दिसतात. रविवारी ओएमआर पत्रिकेवर, म्हणजे गोल काळे करून उत्तरे नोंदवायच्या कागदावर, सराव परीक्षा होते. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होत असल्यामुळे अंदाजाने गोल काळे करण्याची तिची खोड तिथेच मोडली. खुर्च्या मात्र अगदीच टाकाऊ आहेत, आणि शुल्काची पावती मागितल्याशिवाय मिळत नाही.