शेफिल्ड की झोलिंगन? जुन्या वस्तऱ्याचा बाप शोधताना

पुण्याच्या जुन्या बाजारात चादरीवर कुलपं, अडकित्ते आणि बंद घड्याळांच्या गर्दीत अधूनमधून एखादा वस्तरा पडलेला असतो. मला मिळालेले बहुतेक एक तर इंग्लंडमधल्या शेफिल्डचे, नाहीतर जर्मनीतल्या झोलिंगनचे. (विकणारे ‘सोलिंजन’ म्हणतात. चालतं.) वस्तरा कुणी केला आणि केव्हा केला, हे शोधण्यातच ज्याला मजा येते त्याने आधी कुठल्या गावाचा हात धरावा, एवढ्यापुरतंच हे लिहितोय.

दिसायला झोलिंगन उजवा, यात वाद नाही. पातं दोन्ही बाजूंनी खोल पोकळ घासलेलं, नखाने हलकेच छेडलं तर किणकिणतं. शेफिल्डची एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली पाती पाचरीसारखी भरीव. छेडून काही बोलत नाहीत. झोलिंगनवरची अक्षरंही सहसा स्वच्छ वाचता येतात. म्हणून मीही सुरुवात तिथूनच केली आणि तिथेच अडकलो.

झालं असं, की एका वस्तऱ्याच्या पात्यावर हत्ती कोरलेला होता आणि खाली झोकदार नाव. मला वाटलं, नाव मिळालं म्हणजे कारखाना मिळाला. अख्खा पावसाळा त्या नावामागे घालवला. शेवटी कळलं, की ते नाव कारखानदाराचं नव्हतंच, माल मागवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याचं होतं. तो आज याच्याकडून, उद्या त्याच्याकडून पाती घ्यायचा आणि सगळ्यांवर तोच हत्ती काढून घ्यायचा. त्यात झोलिंगनचे कितीतरी घासणारे कारागीर वुपर नदीकाठच्या घासण्याच्या कार्यशाळांमध्ये स्वतंत्रपणे काम करत. म्हणजे ठोकलं एकाने, घासलं दुसऱ्याने, नाव तिसऱ्याचं. आता ‘कुणी केला’ याचं उत्तर काय द्यायचं?

सगळेच असे नसतात हे खरं. झोलिंगनच्या हेंकेल्स कंपनीची जुळ्यांची खूण कुणीही ओळखेल. पण ती खूण १७३१ साली नोंदली गेली, एवढ्यावर विकणारा वस्तराही तेवढाच जुना ठरवतो! १९३८ साली झोलिंगन हे नाव कायद्याने राखीव झालं, पण त्याचा उपयोग उशिराच्या मालाला. आपल्याला कुतूहल असतं त्याच्या आधीच्या शंभर वर्षांचं.

शेफिल्डमध्येही व्यापाऱ्यांच्या नावाचा माल निघायचा, भाड्याच्या चाकावर पोट भरणारे कारागीर तिथेही होतेच. तरी एक सोय आहे. नाव हरवलं तरी राजा सापडतो. पातं आणि शेपटी यांच्यामधल्या जाड भागावर पुष्कळदा मुकुट आणि त्याच्या दोन बाजूंना त्या वेळच्या राजाची किंवा राणीची अक्षरं ठोकलेली असतात. जी आर असेल तर बहुधा १८३०च्या आधीचा जॉर्ज, डब्ल्यू आर म्हणजे १८३० ते १८३७चा विल्यम, व्ही आर म्हणजे व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. व्हिक्टोरियाबाई जवळजवळ चौसष्ट वर्षं बसल्या ही अडचण आहेच. मग शिक्क्यातला बाकीचा मजकूर बघायचा.

माझ्याकडे शेफिल्डच्या वोस्टनहोम कंपनीचा एक आहे. व्ही आर आहे आणि खाली ‘वॉशिंग्टन वर्क्स’. त्या कारखान्यात ही मंडळी १८४८ साली गेली, म्हणजे एक टोक पक्कं. ‘इंग्लंड’ हा शब्द कुठेच नाही. अमेरिकेत जाणाऱ्या मालावर १८९१पासून देशाचं नाव सक्तीचं झालं, त्यामुळे त्याआधीचा असावा असं वाटतं. अर्थात पुण्यात सापडलेला वस्तरा अमेरिकेसाठी कशाला बनला असेल? तेव्हा हे दुसरं टोक मी सैलच धरतो.

शिक्का वाचणं मात्र कष्टाचं. गंज असतो, आणि वर्षानुवर्षं दगडावर घासताना तो भागही झिजलेला असतो. बोटाला थोडी पावडर लावून शिक्क्यावर फिरवायची, जादाची पुसून टाकायची आणि मोबाइलचा उजेड अगदी आडवा पाडायचा. माझ्या डब्ल्यू आरचा डब्ल्यू असाच तिसऱ्या खेपेला उगवला. त्यात शेफिल्डच्या नावाचेही खोटे शिक्के होतेच. जर्मन मालावर शेफिल्ड ठोकून विकतात म्हणून तिथल्या लोकांनी ओरड केली आणि ब्रिटनने १८८७चा मालखुणांचा कायदा आणला, त्यात या ओरडीचा वाटा मोठा.

मुठीवर फार विसंबू नका, दोन्हीकडे. शिंगाची मूठ कीड खाते, मग न्हावी दुसरी बसवून धोकटीत टाकतो. पिवळसर ‘हस्तिदंती’ मूठ दिसली तर अंगठ्याने जोरात चोळून नाकाशी न्या. कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड. म्हणजे ती मूठ तरी १८७०च्या आधीची नसणार. अशी मूठ कुजायला लागली की पात्यालाही गंज चढवते, म्हणून ती इतरांपासून वेगळी ठेवलेली बरी.

तुमचं मन झोलिंगनवर बसलं असेल तर मी आडवा येणार नाही. कदाचित तुम्हाला माझ्यापेक्षा सरळ नाव मिळेल. पण पहिला वस्तरा असेल आणि चादरीवर दोन्ही असतील, तर मी चकचकीत ठेवून गंजका उचलेन, मुकुटाचा अर्धा तुकडा जरी दिसत असला तरी.

वोस्टनहोमच्या पाकिटावर मी ‘१८४८ ते साधारण १८९०’ असं पेन्सिलीने लिहून ठेवलंय. हत्तीवाल्याचं पाकीट अजून कोरंच आहे. पाकिटात तो नसतोच म्हणा. रोजची दाढी त्याच्यानेच करतो.